आईनं लावलेला छडा

माझी आई माझ्या कथा वाचत नाही. पहिला संग्रह आला तेव्हा तिनं चष्मा पुसून आठ पानं वाचली, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "चांगलं लिहिलंयस. पण यात काही होतच नाही." पुढच्या दोन पुस्तकांना तिनं हातच लावला नाही. तिला लागतात रहस्यकथा, त्यातही ज्यांत गुप्तहेर बाई असते अशा. पुरुष गुप्तहेरांच्या कादंबऱ्या ती ग्रंथालयातून आणते, चाळते आणि दुसऱ्या दिवशी परत करते.

मला या आवडीचं कधी कौतुक वाटलं नाही. मी हैदराबादेत आबिड्सला एका कचेरीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात गंभीर, थोडंसं उदास असं काहीबाही लिहिते. आईच्या उशाशी पडलेली ती भडक मुखपृष्ठांची पुस्तकं, त्यांवरच्या पिस्तूल धरलेल्या बाया बघून मला संकोच व्हायचा. कुणी लेखक मंडळी घरी येणार असली की मी ती उचलून कपाटात टाकत असे.

एकदा मी तिला सरळ विचारलं, "एवढं काय असतं ग यात?"

ती मेथी निवडत होती. जराही न थांबता म्हणाली, "पुरुष खोलीत शिरतो तेव्हा जमिनीवरचे बुटांचे ठसे बघतो. ही बाई आधी ओट्यावरचं दूध बघते. दूध उतू गेलंय आणि कुणी पुसलं नाही, म्हणजे घरातली बाई त्या वेळी घरात नव्हती. आता मला सांग, हे आपल्याला कळलं असतं की नाही?"

"कळलं असतं."

"मग. आपल्याला जे कळतं त्याला कुणी अक्कल म्हणत नाही. पुस्तकात म्हणतात." मग दोन काड्या बाजूला टाकून म्हणाली, "आणि ती घराबाहेर पडते तेव्हा कुणी विचारत नाही, कधी येणार म्हणून."

हे सगळं तिला लागलं ते शाळेत असताना. माझे आजोबा परभणीकडून रेल्वेतल्या नोकरीसाठी हैदराबादला आले. आई जामबागच्या मराठी शाळेत जायची. तिच्या बाकावर बसायची तिची एकुलती एक मैत्रीण. त्या मैत्रिणीच्या वडिलांचं बेगम बाजारात हळद-मिरचीचं दुकान होतं. मूळचे ते नांदेडकडचे शेतकरी, घर सुखवस्तू, आणि मुख्य म्हणजे वडिलांच्या नावावर ग्रंथालयाचं कार्ड होतं. आम्ही बौद्ध. आजोबांचा पहिला पगार पुस्तकांवर खर्च झाला असं आई अभिमानानं सांगते, पण ती पुस्तकं अभ्यासाची. कादंबऱ्या यायच्या त्या मैत्रिणीच्या कार्डावर. एक दिवस मैत्रिणीनं वाचायची, एक दिवस आईनं. पुस्तकाला मिरचीचा वास यायचा आणि आई शिंकत शिंकत वाचायची.

त्यांचा एक नियम होता. गुन्हेगार कोण याचा संशय आला की त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं बारीक खूण करायची, म्हणजे नंतर 'मला आधीच माहीत होतं' अशी थाप मारता येणार नाही. आई चांदणी काढायची. मैत्रीण मिरची काढायची. एवढीशी, डावीकडे वाकलेल्या देठाची मिरची. आई म्हणते, दहापैकी आठ वेळा मिरचीच बरोबर निघायची.

मॅट्रिक होताच मैत्रिणीचं लग्न लातूरकडच्या एका गावात झालं. लग्न गावीच लागलं, आई जाऊ शकली नाही. जाताना मैत्रिणीनं गावाचं नाव सांगितलं होतं. आई पाकिटावर तिचं नाव, खाली 'गावचे पाटील यांचे घरी' आणि गाव-तालुका लिहून पत्र टाकायची. सहा पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. सातवं तिनं लिहिलं आणि पाठवलं नाही. पुढं आईचंही लग्न झालं, संसार झाला, मी झाले, आणि मैत्रिणीचा विषय घरात निघाला तरी आई दोन वाक्यांत संपवायची.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. दर बुधवारी दुपारी मी आईला रिक्षात बसवून मराठी ग्रंथालयात पाठवते आणि ती आपली आपण परत येते. त्या बुधवारी मी कचेरीतून आले तर ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेली, पायांत चपला तशाच. मांडीवर एक कादंबरी उघडी.

"ती जिवंत आहे," आई म्हणाली.

मला वाटलं गोष्टीतलं कुणीतरी. तिनं पान माझ्यापुढं धरलं. अठ्ठावन्नावं पान. समासात पेन्सिलीनं काढलेली एवढीशी मिरची, देठ डावीकडे.

"अगं, कुणीही काढली असेल," मी म्हटलं.

"पुस्तक कधी छापलंय बघ."

मी बघितलं. पुस्तक चार-पाच वर्षांपूर्वीचं होतं. आईनं पिशवीतून आणखी एक कादंबरी काढली, मग तिसरी. तिन्ही एकाच मालिकेतल्या, गुप्तहेर बाईच्याच. तिन्हींत मिरची.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर ग्रंथालयात गेले. तिथले ग्रंथपाल निवृत्त शिक्षक आहेत, आई त्यांना सर म्हणते. त्यांनी सांगितलं, ही पुस्तकं देणगीत आलेली, एकूण अकरा. दुचाकीवरून पार्सल पोचवणारा माणूस कापडी पिशवी ठेवून गेला. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, चिठ्ठी नव्हती.

मी निराश झाले. आई झाली नाही. "दुचाकीवाला म्हणजे पार्सल शहरातलंच," ती म्हणाली. "लातूरहून दुचाकीवर कोण येतं? सर, अकराच्या अकरा द्या."

"नियमाप्रमाणे तीनच देता येतात."

"मग मी इथं बसून वाचते."

आणि ती बसली. सलग चार दिवस ती ग्रंथालयात जाऊन त्या अकरा कादंबऱ्यांचे समास वाचत होती, गोष्ट नव्हे. मैत्रिणीला समासात मधूनच काहीतरी टिपायची सवय होती. बहुतेक टिपणं निरुपयोगी होती. 'साबुदाणा भिजत घालणे.' 'हा वकील खोटारडा.' पण दोन पुस्तकांत 'नल्ला साडेतीनला' असं होतं, आणि एकात, 'शाळेचा बँड सुरू. डोकं उठलं. उद्या वाचू.' आईनं हे सगळं कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागं उतरवून घेतलं.

माझी मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मराठी बोलते, त्यात निम्मी दख्खनी, पण वाचताना जोडाक्षरावर अडखळते. ती म्हणाली, "आजी, नाव बोल ना, मी ऑनलाइन ढूंढते."

"लग्नात नाव बदललं तिचं. नवं नाव मला माहीत नाही, आडनावही माहीत नाही."

"मग कसं होणार?"

"नळाला नल्ला कोण म्हणतं?" आईनं विचारलं.

"सगळेच म्हणतात."

"हैदराबादेत म्हणतात. लातूरकडं नळ म्हणतात. लग्नानंतर जन्म तिकडं काढला तिनं. आता परत नल्ला लिहायला लागली, म्हणजे इथं येऊन तिला बरीच वर्षं झालीत. आणि तिच्या घरी पाणी दुपारी साडेतीनला येतं."

तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की ही बाई गंमत करत नाहीये.

पाणी कुठं किती वाजता येतं हे शोधायला आईला नकाशा लागला नाही. आमच्याकडं कामाला येणारी बाई, कोपऱ्यावरची भाजीवाली, ग्रंथालयात येणाऱ्या सात-आठ जणी, माझ्या कचेरीतल्या बायका, दवाखान्यातली नर्स, सगळ्यांना तिनं एकच प्रश्न विचारला. तेलुगूत विचारला, दख्खनीत विचारला, मराठीत विचारला. पुरुषांना विचारून बघितलं, पण त्यांना स्वतःच्याच घरचं पाणी कधी येतं ते सांगता येईना. पंधरा दिवसांत कॅलेंडरची तीन पानं भरली. दुपारी साडेतीनच्या तीन वस्त्या निघाल्या. त्यांतल्या एका वस्तीत शाळेला लागून घरं होती आणि त्या शाळेत मुलांचा बँड होता. ती वस्ती काचीगुडा स्टेशनाच्या पलीकडं आहे. याहून जास्त सांगत नाही, कारण जिचा पत्ता आहे तिनं मला तशी ताकीद दिलेली आहे.

आम्ही तिघी एका रविवारी तिथं गेलो. शाळेच्या भोवती चार गल्ल्या, दोन्ही बाजूंना तीन-तीन, चार-चार मजली घरं. आई सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे. मुलीनं दोन-तीन वॉचमनना विचारलं, इथं मराठी लोक कुठं राहतात. एकानं मोठ्या विश्वासानं आम्हाला एका दारापुढं नेऊन उभं केलं. ते मारवाडी निघाले. दुसरा आठवड्यापूर्वीच कामावर लागलेला.

"घरोघर जाऊ या का?" मी विचारलं.

"जाऊन काय विचारू? मिरच्या काढणारी बाई राहते का?" आई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. बराच वेळ ती समोरच्या गच्च्या बघत होती. मग म्हणाली, "पाडवा कधी आहे?"

"तीन आठवड्यांनी."

"तेव्हा येऊ."

मुलगी म्हणाली, "आजी, पाडव्याला काय होणार?"

आईनं तिला समजावून सांगितलं. ही सगळी तेलुगू वस्ती. त्यांच्या नव्या वर्षाची उगादी त्याच दिवशी. दारोदार आंब्याची तोरणं लागतील, कडुलिंब-गुळाची पच्चडी होईल, पण गुढी कुणी उभारणार नाही. गुढी फक्त मराठी घरावर दिसेल. "आपल्या घरी गुढी नसते," आई म्हणाली, "पण तिच्या घरी असायची. तिची आई मला रस्त्यावरून दाखवायची, बघ आमची गुढी किती उंच. ती पाडवा सोडणार नाही."

मी लेखिका. माणसांचं निरीक्षण करण्याचा माझा दावा. हे मला सुचलं नव्हतं.

ते तीन आठवडे आई शांत होती. तिनं एक नवी साडी काढून फॉल-बिडिंग करून आणली, मोतिया रंगाची. मला मात्र धास्ती वाटत होती. पुस्तकं दान केली म्हणजे वाचणारी गेली असाही अर्थ होऊ शकतो, हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. मी ते बोलले नाही. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आईच म्हणाली, "माणूस गेल्यावर पुस्तकं रद्दीत जातात. ग्रंथालयात पाठवायची तर स्वतःलाच पाठवावी लागतात." तेही तिनं आधीच धरून ठेवलेलं होतं.

पाडव्याला सकाळी आठ वाजता आम्ही तिथं पोचलो. पहिल्या गल्लीत तोरणं, माणसं, नवे कपडे घातलेली मुलं. गुढी नाही. दुसरीतही नाही. तिसऱ्या गल्लीत मुलीनं बोट दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत गुढी होती, हिरवं वस्त्र, वर लहानसा तांब्या. आईनं माझा दंड धरला. आम्ही लिफ्टनं वर गेलो, बेल वाजवली. दार एका तरुण मुलीनं उघडलं. ती आणि तिचा नवरा पुण्याहून नोकरीसाठी आलेले, वर्ष झालं. घरात म्हातारं माणूस कुणी नव्हतं.

आईचा चेहरा मी बघितला नाही. त्या मुलीनं आम्हाला आग्रहानं बसवलं, शिरा दिला. कशासाठी हिंडताय म्हणून विचारलं. आईनं थोडक्यात सांगितलं. ती पुण्याची मुलगी म्हणाली, "आजी, मागच्या गल्लीत एक मराठी आजी आहेत. गुढी कशी बांधायची मला येत नव्हतं, त्यांनीच दाखवलं. कडुलिंबही त्यांच्याच दारातला."

आईनं शिरा संपवला. पूर्ण संपवला, बशी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, आणि मगच चप्पल घातली.

मागच्या गल्लीत टोकाला एक बैठं घर होतं, दारात कडुलिंब. गच्चीवर, कपडे वाळत घालायच्या खांबाला बांधलेली उंच गुढी. दार उघडंच होतं. आत एक बाई खुर्चीत बसून खलात काहीतरी कुटत होत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, केस पांढरेशुभ्र. त्यांनी वर बघितलं.

"कोण पाहिजे?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण आईनं मला हातानं मागं सारलं. ती उंबऱ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "अठ्ठावन्नाव्या पानावर तू बरोबर ओळखलंस. मला शेवटपर्यंत वकीलच वाटत होता."

त्या बाईंचा बत्ता थांबला. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "तू अजून घाईघाईनं वाचतेस."

माझी मुलगी रडायला लागली. त्या दोघी रडल्या नाहीत. आई आत गेली, दुसरी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली, आणि दोघी एकमेकींचे हात उलटसुलट करून बघत राहिल्या, बाजारात भाजी पारखून घ्यावी तसे.

सून बाहेर आली, चहा आला. मग हळूहळू सगळं निघालं. बारा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर त्या मुलाकडं हैदराबादला आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनीही आईला शोधलं होतं. आजोबांचं जुनं घर पाडून तिथं इमारत झाली होती, कुणाला काही माहीत नव्हतं. ग्रंथालयाच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपेनात म्हणून त्या तिकडं जात नव्हत्या. घरातलं कपाट भरलं तेव्हा पुस्तकं आपल्याच जुन्या ग्रंथालयाला द्यावीत म्हणून मुलाला सांगून पार्सलवाल्याकडून पाठवली.

"मी बघेन असं वाटलं होतं का तुला?" आईनं विचारलं.

"छे. मिरची हाताला लागलेली सवय आहे."

मग आई म्हणाली, "मी सहा पत्रं टाकली होती."

मैत्रिणीनं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "मला एकही मिळालं नाही. पाकिटामागं तू तुझं पूर्ण नाव लिहायचीस ना?"

"लिहायचे."

"आडनाव दिसत असणार. त्या घरात..."

"कळलं," आई म्हणाली.

"मला वाटायचं, तू विसरलीस. मी विचारायला पाहिजे होतं. पत्रं येतात का माझी, असं एकदा तरी विचारायला पाहिजे होतं."

"तेव्हा अठरा वर्षांची होतीस."

"नंतर झाले की मोठी," मैत्रीण म्हणाली. तिनं आईचा हात सोडला नाही. "तुझी माफी मागते."

आईनं मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते मला कळलं नाही, पण मैत्रिणीला कळलं असावं, कारण तिनं सुनेला हाक मारून सांगितलं, "तिघींची पानं इथंच वाढ. आणि हिला तिखट जास्त लागतं." दोघी ताटाला ताट लावून जेवल्या. पुरणपोळीवर तूप मैत्रिणीनं आईला स्वतःच्या हातानं वाढलं, तीनदा.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलंय. दर बुधवारी मी रिक्षा आधी काचीगुड्याकडं पाठवते. ग्रंथालयाच्या पायऱ्या मैत्रीण आईच्या खांद्यावर हात टेकून चढते, वाटेत दोनदा थांबते. सरांनी त्यांच्यासाठी खिडकीजवळ टेबल दिलंय. आधी दोघी बसायच्या, आता नऊजणी बसतात. त्यांतल्या दोघींना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, त्यांना माझी मुलगी वाचून दाखवते. म्हणजे तीच वाचायला शिकतेय. जोडाक्षरावर अडली की उरलेल्या सातजणी एकदम तो शब्द सांगतात, आणि गुन्हेगार कोण हे तिनं अजून एकदाही बरोबर ओळखलेलं नाही.

मी त्या भडक पुस्तकांमधली सहा आतापर्यंत वाचली. त्यांत वाक्यं काही वेळा ढिली असतात. पण प्रत्येक पुस्तकात एक बाई, जिला कुणी विचारत नाही अशी, सगळ्यांच्या आधी बरोबर ठिकाणी जाऊन पोचते. हे वाचताना ऊर भरून येतो, आणि त्याला मी आता नावं ठेवत नाही.

यंदा ग्रंथालयाच्या वार्षिक कार्यक्रमात सरांनी आईला हा शोध सांगायची विनंती केली. ती जन्मात कधी माईकपुढं उभी राहिलेली नव्हती. मी रात्रभर जागून भाषण लिहून दिलं असतं, पण तिनं मागितलं नाही. मोतिया साडी नेसून ती उभी राहिली आणि वीस मिनिटं बोलली. पाणी, बँड, पाडवा, सगळं क्रमानं. पुण्याची मुलगी शिऱ्यासकट सांगितली. पत्रांचंही सांगितलं, आवाज न चढवता, आणि पाकिटामागं कोणतं आडनाव लिहिलं होतं तेही. पहिल्या रांगेत मैत्रीण ताठ बसून होती.

शेवटी एका गृहस्थांनी हात वर केला. "आजी, एवढा खटाटोप केलात. हरवलेल्या माणसाची पोलिसांत तक्रार का नाही दिली?"

"ती कुठं हरवली होती," आई म्हणाली. "ती तिच्या घरीच होती. आम्हाला सापडत नव्हती एवढंच."

टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. आईनं माईक सरांच्या हातात दिला आणि सावकाश पायऱ्या उतरून मैत्रिणीशेजारी जाऊन बसली.